नोकरी गेलेल्यांसाठी युआन

दुबईच्या चिनी बाजारात एक म्हातारा जुन्या चिनी ओळी लिहिलेले, भिंतीवर टांगायचे पट विकायचा. गिऱ्हाइकाचा कामधंदा विचारायचा, हनुवटी खाजवायचा आणि वैद्याने पुडी बांधून द्यावी तसा त्याला चीनच्या एकेका राजघराण्याचा काळ काढून द्यायचा. नोकरीवाल्याला थांग, कारण तेव्हा सरकारी नोकरीच्या परीक्षेत कविता करावी लागे. व्यापाऱ्याला मिंग, कारण तेव्हा शहरांत पैसा आला, छापखाने वाढले आणि कादंबऱ्या खपू लागल्या.

मी बायकोबरोबर गेलो, तेव्हा माझी नोकरी नुकतीच गेली होती. तसं सांगताच त्याचा चेहरा उजळला. त्याने युआन काळातल्या नाटकातलं एक गाणं उलगडलं. मंगोल आले, परीक्षा बंद पडल्या, शिकलेले लोक घरी बसले आणि नाटकं लिहायला लागले.

"जॉब गया, तभी अच्छा नाटक आया, हबीबी."

मला फार बरं वाटलं. इथल्या मंडळाच्या गणपतीत दरवर्षी माझीच एकांकिका असते.

बायको त्याला म्हणाली, "ये तो ऑफिस में बैठके ही नाटक लिखता था. इसीलिए जॉब गया."

म्हाताऱ्याने पुन्हा हनुवटी खाजवली. युआन शांतपणे गुंडाळून ठेवला आणि माझ्या हातात थांग दिला.

"फिर से एग्जाम दो."