हाकवाली

ऑपरेशन थिएटरमध्ये तिला तोंडावर सगळे सिस्टर म्हणत आणि पाठीमागे हाकवाली. तिचं काम ऐकून नवख्याच्या अंगावर काटा येई, आणि यायलाच हवा, कारण काम होतंच तसं. मणक्याच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये माणूस पालथा असतो, पाठ उघडी असते, घशात नळी असते, आणि अशा अवस्थेत डॉक्टर त्याला जागं करतात. अगदी थोडं, ऐकू येईल आणि समजेल इतकंच. वाकडा मणका सळ्या घालून सरळ करताना पायांकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात. त्या शाबूत आहेत की नाही, हे त्या माणसानेच पाय हलवून दाखवायचं. मग ही त्याच्या कानाशी वाकायची आणि म्हणायची, "माझा हात दाबा." हात दाबला जाई. "आता पाय हलवा." पाय हलत. "झालं. पुरे आता, झोपा." एवढं म्हटलं की तो पुन्हा झोपे.

दुखत नाही, औषधं तेवढी काळजी घेतात. नंतर कुणाला काही आठवतही नाही, असं भूल देणारे डॉक्टर सांगत आणि तिचा त्यावर पक्का विश्वास होता. तेवढा विश्वास नसता तर तिला रात्रीचा घास गिळवला नसता.

आदल्या दिवशी ती पेशंटच्या खाटेशी बसून तालीम घ्यायची. तेच शब्द, तोच सूर. भुलीतल्या माणसाला आवाज ओळखीचा वाटला पाहिजे, असा मोठ्या डॉक्टरांचा हट्ट होता. हे सगळं ठीक चाललं होतं. मग एकदा ती किराणा दुकानात साबण मागत होती. पुढे उभ्या असलेल्या बाईंचं ऑपरेशन केव्हाच होऊन गेलेलं. बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही, त्या दुकानदाराशी भावावरून हुज्जत घालत राहिल्या. पण हिचा आवाज निघाला आणि चपलेतली त्यांची बोटं आत वळली, सुटली, पुन्हा वळली. तिने साबण न घेताच घर गाठलं.

पुढे असं बँकेच्या रांगेत झालं, बसथांब्यावर झालं. माणसं आपल्या नादात बोलत असत आणि खाली पाय आपलं काम करत असत. ती बाहेर दबक्या आवाजात बोलायला लागली, मग घरीही. इतक्या वर्षांनी देवाने आपलं गाऱ्हाणं ऐकलं, असं नवरा येईल त्याला सांगायचा. ती हसायची, पण त्या हसण्यात जीव नसायचा.

आणि हॉस्पिटलच्या गल्लीत घड्याळवाला होता. त्याचे पाय ऑपरेशनच्या दिवशी हलले नव्हते. हात त्याने असा दाबला की तिची बोटं दुखली, पण कितीही वेळा सांगितलं तरी पाय हलेनात. मग एकच धावपळ उडाली. सळ्या सैल केल्या, त्याला पुन्हा भूल दिली, हिला कुणीतरी बाजूला सारलं. पाय गेले ते गेलेच. आता तो चाकांच्या खुर्चीत बसून घड्याळं दुरुस्त करी.

मोठे डॉक्टर हात वर करून मोकळे होणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी नसांवर सतत लक्ष ठेवणारं यंत्र आणवलं. मणका एका दमात सरळ करणं बंद केलं, थोडा थोडा ओढायचा आणि थांबायचं. त्या वेळात कुणी अवांतर बोलायचं नाही, आणि शंका आली तर झाडूवाल्यानेही थांबा म्हणायचं. यंत्र आलं तरी हाक त्यांनी ठेवलीच. लोक त्यांना संशयी म्हणून हसत. हसोत बापडे, पाठ उघडायची वेळ आली की असाच संशयी माणूस हवा असतो.

हाकवाली मात्र घड्याळवाल्याला टाळायची. ती गल्लीतून कुणाशी बोलत निघाली की तो डोळ्यावरचं भिंग काढून ठेवी, डोळे गच्च मिटून घेई आणि खुर्चीचे हात घट्ट धरी. त्याचा जबडा आवळलेला दिसायचा. आपल्याला शिव्याशाप देतोय, असं तिने मनाशी धरलं आणि लांबच्या रस्त्याने यायला-जायला लागली.

तशात तिच्या धाकट्या बहिणीच्या मुलीच्या ऑपरेशनची वेळ आली. शाळकरी पोर, पाठीचा कणा असा वळलेला की जिना चढताना धाप लागे. तिने स्वतःच आपलं नाव वेलांटी ठेवलं होतं, दुसऱ्या कुणी ठेवायच्या आत. नात्यातल्या माणसाला थिएटरमध्ये घ्यायला डॉक्टर तयार नव्हते. पण मावशी हाक मारणार नसेल तर मी टेबलावर चढणार नाही, असं वेलांटीने त्यांच्या तोंडावर सांगितलं. शेवटी ते कबूल झाले. अट एकच, नेहमीचे शब्द, त्याहून एकही जास्त नाही.

ऑपरेशन निम्म्यावर आलं आणि यंत्रावरच्या दोन्ही पायांच्या रेघा सपाट झाल्या. डॉक्टर म्हणाले, "थांबा." सगळे जागच्या जागी थांबले. भूल हलकी केली.

"सिस्टर, हाक मारा."

तिचा सूर हलला नाही. हात दाब म्हणताच इवल्या बोटांनी हात दाबला. आता पाय हलव. चादरीखाली पाय बघणाऱ्या नर्सने मान हलवली. नाही. पुन्हा सांगितलं. नाही. डॉक्टर सळी सैल करत होते, भूल देणारे रक्तदाब वाढवत होते, आणि ही तेवढं एकच वाक्य म्हणत होती. पोरीची बोटं तिच्या हातात थरथरत होती. घड्याळवाल्याचा मिटलेला चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून हटेना. मग अंगठा हलला, पाठोपाठ दोन्ही पावलं. "झालं गं. पुरे आता, झोप."

राहिलेला बाक डॉक्टरांनी तसाच सोडला. थोडी वेलांटी राहू दे, म्हणाले.

पोरगी चालायला लागली. एका दुपारी मावशी तिच्या खाटेशी सफरचंद कापत बसली होती.

"मावशी, तू सारखं पाय हलव, पाय हलव का म्हणत होतीस?"

सुरी थांबली. हे तर कुणालाच आठवत नाही.

"मी पहिल्यापासून हलवतच होते ना. केवढा जोर लावला. थांबायचं कधी तेच कळेना. तू पुरे म्हणालीस, तेव्हा थांबले."

दुखलं का, भीती वाटली का, तिने विचारलं. नाही, फक्त दमले, पोरगी म्हणाली आणि सफरचंदाची फोड उचलली.

डॉक्टर व्हरांड्यात भेटले. तिने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते भिंतीशी टेकले. यापुढे पाय हलोत न हलोत, पुरे म्हटल्याशिवाय कुणालाही पुन्हा झोपवायचं नाही, असं ते हळूहळू म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"घड्याळवाल्याला कुणी म्हटलं होतं?"

तिने मान हलवली. त्या धावपळीत कुणीच म्हटलं नव्हतं.

ती जवळच्या रस्त्याने गेली. दुकानात घड्याळांची टिकटिक चालू होती. "दादा," ती म्हणाली. त्याने भिंग काढलं, डोळे मिटले, खुर्चीचे हात धरले. आज पहिल्यांदाच तिने त्याला इतक्या जवळून पाहिलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, कपाळावर घाम फुटला होता. तो शिव्याशाप देत नव्हता. तिने सांगितलेलं काम करत होता, त्या दिवसापासून.

तिला रडू फुटलं. ते गिळून ती त्याच्या कानाशी वाकली आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, "कळलं मला दादा. तुम्ही हलवताय. झालं. पुरे आता, झोपा."

त्याची बोटं एकेक करून सुटली. खांदे खाली आले. मान हळूहळू झुकली आणि उघड्या घड्याळांच्या मधोमध टेबलावर डोकं टेकून तो भर दुपारी गाढ झोपला. ती शेजारच्या स्टुलावर बसून राहिली. गिऱ्हाईक आलं की ओठांवर बोट ठेवायची आणि नंतर या म्हणून खुणेनेच परत पाठवायची.