त्यांना काही होत नाही

भावोजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, मत्स्यालयात कामाला लागून अर्धं आयुष्य झालं. टाक्या धुणं, पाण्याचा खारेपणा तपासणं, माशांना खायला घालणं. पण जीव अडकला तो घोड्याच्या नालेसारख्या पाठीच्या दोन समुद्री खेकड्यांत. नावाचेच खेकडे, नातं विंचवांशी. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दगडांत याच घडणीचे ठसे मिळतात, असं ते कौतुकानं सांगायचे. आमचे हे चिडवायचे, "हा आणि याचे खेकडे, तिघांनाही बदल मानवत नाही!"

एकदा मी विचारलं, "इतक्या काळात बदलले कसे नाहीत हो?"

"चिखलात सरपटायचं, मिळेल ते खायचं, पाणी कमी-जास्त खारट झालं तरी सोसायचं. याच घडणीवर भागत होतं, वहिनी. वेगळ्या घडणीचं पिल्लू निपजलं तरी त्याचा निभाव जास्त लागला नसेल. आत रक्तबिक्त बदललंही असेल. वरून दिसत नाही."

मला वाटलं, देवानं एकदाच हात फिरवला आणि काम नीट झालं.

परवा भावोजी आले ते चपला न काढताच खुर्चीत बसले. माशांवर पांढरे ठिपके आले, म्हणून टाकीत तांब्याचं औषध घातलं होतं. खेकडे आधी दुसरीकडे हलवायचे असतात.

"मग हलवले का नाहीत?"

"ज्यांनी एवढं पचवलं, त्यांना या थेंबांनी काय होणार, असं वाटलं. चिखल, लाटा त्यांच्या ओळखीच्या. हे औषध ओळखीचं नव्हतं. नर गेला, वहिनी."

हे म्हणाले, "वय झालं होतं म्हण आणि मोकळा हो."

"साहेबही तेच म्हणाले. मी खरं सांगून टाकलं."

साहेबांनी टाक्यांच्या किल्ल्या काढून घेतल्या.

मादीला स्वच्छ पाण्यात ठेवलंय. उलटली की शेपटी रोवून सरळ व्हायची, आता तेवढी ताकद नाही. आज मी भावोजींसोबत तिला बघायला गेले. बघ्यांसारखे आम्ही काचेबाहेर उभे होतो. नव्या माणसानं तिला सरळ केलं. मी डोळे मिटून हात जोडले, तिच्यासाठी आणि भावोजींसाठीही.

डोळे उघडले तर ती पुन्हा पाठीवर, पाय संथ हलत होते. भावोजी काचेवर हात ठेवून हाका मारत होते, "अहो, लवकर या! हळू... शेपटीला धरू नका!"