दगडफुलाचा डाग

पाचोडच्या अलीकडं एसटी बंद पडली म्हणून मी उतरलो आणि बांधावरच्या एका उभ्या दगडाला टेकलो. मसाल्यात घालतात तसल्या दगडफुलाचा राखाडी डाग त्यावर होता. हाताला चाळा म्हणून मी तो किल्लीनं खरवडून काढला.

मागं एक म्हातारा मेंढपाळ उभा होता. कधी आला, कळलंच नाही. तो ओरडला नाही. मातीत पडलेली भुकटी त्यानं बोटानं टिपली आणि धोतराच्या सोग्यात बांधली.

"माझ्या बापाच्या नावानं मांडलेला दगड हाय," तो म्हणाला. "यावर हे उगवलं की समजायचं, मेलेल्यानं जागा धरली. नखाएवढं व्हायला माझी हयात गेली. आता तो दुसरी जागा हुडकंल."

मी किल्ली खिशात घातली. तोच मला समजावू लागला, "भिऊ नका. धुरात हे जगत नाय. शहरात नाय यायचा तो."

शहरात आमच्या गुलमंडीत दिवसभर रिक्षांचा धूर असतो. तरी परवा आमच्या उंबऱ्याच्या दगडावर नखाएवढा राखाडी डाग दिसला. तेव्हापासून मी चपला हातात घेऊन घरात शिरतो.