हजेरीच्या सह्या

चंदनसारच्या आमच्या सोसायटीत सभेच्या आधीच सह्या घेतात. आदल्या संध्याकाळी वॉचमन वही घेऊन दारोदार फिरतो. पानाचा वरचा अर्धा भाग कोरा, खाली सह्या. सभेला पुरेशी माणसं जमत नाहीत म्हणून ही पद्धत, असं सगळे सांगायचे. मला त्यात काही खटकलं नव्हतं. बाबा कामणच्या गोदामातून दमून यायचे आणि वही भिंतीला टेकवून सावकाश सही करायचे. ती सही मी सातवीत असताना त्यांना शिकवली होती.

घरातून कॉलेजला गेलेला मी पहिला. मी राज्यशास्त्र घेतलंय हे कळल्यावर चेअरमनकाकांनी सभेचं इतिवृत्त लिहायचं काम मला दिलं. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. काका वाईट नव्हते. टँकर आला नाही तर तेच फोन करून भांडायचे. कदाचित म्हणूनच त्यांना कुणी काही विचारत नसे.

तिसऱ्या सभेनंतर त्यांनी मला ठराव सांगितला: सध्याची कमिटी पुढची पाच वर्षं कायम ठेवावी, असं सर्व सभासदांनी एकमताने ठरवलं. सभेत हा विषय निघालाच नव्हता. उलट तळमजल्यावरच्या मावशींनी निवडणूक कधी घेणार, असं विचारलं होतं. मी चाचरत तसं म्हणालो.

काका हसले. "अरे, त्या दर सभेला काहीतरी विचारतात. तू लिही. खाली सह्या आहेतच की."

मी लिहिलं. शेवटची ओळ बाबांच्या सहीच्या अगदी डोक्यावर आली.

त्यानंतर मला प्रत्येक गोष्टीचा संशय यायला लागला. हे काम मलाच का दिलं? शिकलेल्या मुलाचं अक्षर बघून कुणी शंका घेणार नाही म्हणून? मावशींच्या घरात वरच्या मजल्यावरून होणाऱ्या गळतीचं काम मागे पडलं, ते मुद्दाम? निवडून आलेले लोकच हळूहळू निवडणूक कशी निरर्थक करतात, हे सरांनी वर्गात शिकवलं तेव्हा मी लांबच्या देशांचा विचार करत टिपणं काढली होती.

शेवटी बाबांना तो ठराव वाचून दाखवला. इथंच राहायचंय आपल्याला, एवढं म्हणाले. मग म्हणाले, "मी फक्त हजर आहे म्हणून सही केली. तसं लिहून ये."

मी वही मागितली. काकांनी लगेच दिली. "लिही की. एका सहीनं काय होतंय?" त्यांनी इतक्या सहज दिली की माझा हात अडला. तरी बाबांच्या सहीपुढे मी 'फक्त हजेरीसाठी' असं लिहिलं. उरलेल्या सह्या वाचल्या. त्यांत मावशींचीही होती. त्यांना तरी सांगायला हवं, असं वाटलं.

काकांना विचारून वही तशीच घेऊन मी तळमजल्यावर गेलो आणि बेल वाजवली. मावशींनी साखळी न काढता दार किलकिलं केलं. आधी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता कशावर सही हवी आहे तुम्हा लोकांना?"