ढाबळीची कडी

मामंजींना जाऊन दीड महिना झाला. मी तेव्हा नेसरीला माहेरी होते, भाचीच्या लग्नाला. निघताना ते स्वतः एसटी स्टँडवर पोचवायला आले होते. गाडी सुटता सुटता खिडकीशी येऊन म्हणाले, "जा निवांत. कडीचं मी बघतो." तिसऱ्या दिवशी तार आली. भावानं वाचली आणि माझ्याकडं न बघता घडी घातली... तेवढ्यावरून मी समजले.

कडी म्हणजे आमच्या गच्चीवरच्या ढाबळीची, मामंजींच्या कबुतरांच्या घराची. तिच्यामुळंच मी या घरात पहिल्यांदा बोलले.

लग्नाला सात महिने झाले होते. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात हे, मामंजी आणि मी. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही अशी रीत, आणि माझा स्वभाव असा की रीत नसती तरी मी बोलले नसते. मामंजी उंच, आवाज तालमीतला. मी दोन हातांवर वाढत असले तरी ते ह्यांनाच म्हणायचे, "तिला सांग, अजून एक भाकरी."

दिवाळसणाहून परतताना आईनं पिशवीत मांजराचं पिल्लू घातलं. "कबुतरांच्या ज्वारीला उंदरं लागल्यात म्हनतीस न्हवं? ने. आन् तुलाबी कुणीतरी हुईल बोलायला." गाडीत ते सारखं ओरडत होतं. कंडक्टर ह्यांना म्हणाला, "पावणं, हाफ तिकीट काढा की त्याचं!" सगळी गाडी हसली. मी मात्र पिशवी पदराखाली ओढून घेतली.

मामंजींनी पिल्लू बघितलं, मग ह्यांच्याकडं वळले. "कबुतराच्या घरात मांजार? डोस्कं फिरलंय काय? ऱ्हाऊ दे आलंय तर. पन एक पीस जरी पडलं तर पोत्यात घालून नदीपल्याड सोडून येनार. सांग तिला."

पिल्लू जे चुलीमागच्या लाकडांत शिरलं ते दोन दिवस बाहेर येईना. दुधाची वाटी तशीच. उपाशी मरतंय की काय, असं वाटून माझाही घास उतरेना. तिसऱ्या दिवशी मामंजी स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरे उभे राहिले आणि भिंतीला सांगितल्यासारखं बोलले, "नवं कबुतर आनलं की पंख बांधून डालग्याखाली ठेवत्यात. सगळं घर दिसंल असं. घर डोळ्यात बसलं की मग सोडायचं. घाई केली की गेलं."

मी पिल्लाला काढून स्वयंपाकघराच्या मधोमध, बांबूच्या डालग्याखाली ठेवलं. विणीच्या फटींतून ते सगळं बघत बसायचं. पाचव्या दिवशी वाटी रिकामी झाली. अंगावर बारीक करडे ठिपके, म्हणून मी तिला बाजरी म्हणू लागले. ती मोकळी झाली आणि माझं मन अडकलं. जिन्याकडं गेली की मी धावत जाऊन उचलून आणायची. तांदूळ निवडायलाही मी जिन्याच्या पायरीवर बसायची.

दोन महिन्यांनी मामंजी एका रात्रीसाठी कबनूरला पाहुण्यांकडं गेले. कबुतरांना दाणा घालून कडी लावायचं काम माझ्याकडं आलं. संध्याकाळी कडी लावते न लावते तोच खालून दूध करपल्याचा वास आला, तशी धावत खाली आले. सकाळी हे कामावर गेल्यावर वर जाऊन बघते तर ढाबळीचं दार उघडं, गच्चीभर पिसं. अंड्यांवर बसलेली पांढऱ्या शेपटीची मादी नव्हती. माझ्यामागून बाजरी आली आणि एक पीस तोंडात धरून खेळायला लागली.

तेवढ्यात जिन्यात मामंजींची पावलं वाजली.

त्यांनी तिच्या तोंडातलं पीस बघितलं. खाली जाऊन पोतं आणलं. खेळ आहे असं वाटून बाजरी आपणहून त्यात शिरली. तोंड बांधून ते जिना उतरले, मी मागोमाग. त्यांनी वहाणा पायात सरकवल्या. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला.

"मामंजी, कडी मी नीट लावली न्हाय."

ते थांबले, पण वळले नाहीत. मग माझा आवाज मलाच ओळखू येईना. "ती रातभर स्वयंपाकघरात कोंडलेली हुती, भायेरचा बोका आला असंल. चूक माझी हाय. सोडायचंच असंल तर मला नेसरीच्या गाडीत बसवा."

पोतं हळूच खाली ठेवलं गेलं. मामंजींनी माझ्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलं.

"एवढा आवाज कुठं ठेवला हुतास गं?"

आणि ते वर गेले. मी गाठ सोडत होते तोवर हाक आली, "वर ये." मादीची गार पडलेली दोन अंडी ते दुसऱ्या जोडीखाली सरकवत होते. "कडी अडकवली म्हंजे लागली असं न्हाय," एवढंच बोलले. "दोनदा हलवून बघायची." दोनांतल्या एका अंड्यातून पिल्लू निघालं.

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला ते कडी दोनदा हलवायचे आणि वरून ओरडायचे, "लावली गं!" मी खालून म्हणायची, "व्हय!" आधी मला तो टोमणा वाटायचा, मान खाली जायची. पुढं कळलं, मला घोर नको म्हणून ते सांगायचे. बाजरी अकरा वर्षं जगली, बहुतेक त्यांच्या ज्वारीच्या पोत्यावर झोपून. ती गेल्यावरही हाक तशीच राहिली.

आता कडी मी लावते. इतके दिवस लावून गुपचूप खाली यायची. काल दोनदा हलवली आणि तोंडातून मोठ्यानं निघून गेलं, "लावली, मामंजी!" शेजारच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढणारी बाई दचकून बघायला लागली. मी तशीच थांबले. खालून 'व्हय' म्हणणारी मीच, आणि मी तर वर उभी होते.