मिस्त्रींच्या सेटवरची रशियन रेकॉर्ड

रशियन रेकॉर्ड विकत घेतल्या तेव्हा त्यांच्यावर काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. पुण्यात रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावर त्या होत्या आणि पुस्तकांसारख्याच स्वस्त होत्या, म्हणून सात उचलल्या. वेष्टनावरची लिपी वाचता येईना. घरी सुई टेकवेपर्यंत आतून एकटं व्हायोलिन निघणार की अख्खा वाद्यवृंद, याचा पत्ता नसायचा.

जाड, जडशीळ तबकड्या होत्या त्या. सुई टेकली की आधी फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड, आणि मग तिच्याआडून कुठूनतरी वाजवणारा यायचा. माझा प्लेअर पेटीवजा होता, झाकणातच स्पीकर असलेला. भोरात असलं काही ऐकणारा मी एकटाच, याचा मला भारी तोरा होता. आलेल्यागेलेल्याला मी एक तरी बाजू ऐकवायचोच. बिचारे चहाची वाट बघत ऐकून घ्यायचे.

मी मार्गासनीच्या शाळेत शिक्षक होतो. रोज कापूरहोळला एसटी बदलावी लागे आणि थांब्याला लागूनच मिस्त्रींचं दुकान होतं. मिस्त्री रेडिओ दुरुस्त करायचे, लग्नाला, उरुसाला लाउडस्पीकर लावायचे. घर मात्र भोरातच, त्यामुळे माझा प्लेअर बिघडला की रविवारी ते हत्यारं घेऊन घरीच येत. एकदा दुरुस्ती झाल्यावर तपासायला म्हणून मी व्हायोलिनची रेकॉर्ड लावली. बाजू संपेपर्यंत मिस्त्री हलले नाहीत.

मीच ओशाळून म्हणालो, रशियन माल, खरखर फार आहे.

"खरखर कारखान्यातली हाय, गुरुजी," ते म्हणाले. "वाजवणाऱ्याची न्हाई. तिच्या मागं ऐका."

मग त्यांनी मला माझीच रेकॉर्ड समजावून सांगितली. हॉल मोठा आहे, जमीन लाकडी असणार. माईक थोडे आणि लांब ठेवलेत, म्हणून आवाजाला अंग आहे. आणि गज उचलण्याआधी हा माणूस श्वास घेतो. मी ती रेकॉर्ड शंभरदा तरी ऐकली असेल, पण तो श्वास मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. त्यांचं म्हणणं, दोष माझ्या पेटीचा होता. झाकणातला पिटुकला स्पीकर तडतड तेवढी मोठी करून दाखवतो, खालचा भरीव आवाज त्याला पेलतच नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी जुन्या दारांच्या सागवानी फळ्यांचे दोन मोठे स्पीकर स्वतः बनवले होते. एवढी एक रेकॉर्ड एकदा त्यांवर लावू द्या, असं ते म्हणाले.

मी "बघू" म्हणालो.

कारण होतं. लग्नाच्या मांडवात पोरं नाचली की सुई उडते, म्हणून लाउडस्पीकरवाले सुईच्या दांड्यावर वजनाला चार आण्याचं नाणं चिकटवतात. मिस्त्रींच्या प्लेअरवरही ते होतं. त्या वजनानं माझ्या रेकॉर्डची चाळण होईल, ही मला धास्ती. नाणं काढतो, सुई नवी घालतो, असं ते आपणहून म्हणाले. तरी मी बघूच म्हणालो. खरं सांगायचं तर धास्ती नावाला होती. लग्नातली गाणी वाजवणाऱ्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त ऐकू येतं, हेच मला सोसत नव्हतं. एक रेकॉर्ड नेऊ दिली असती तर माझ्या अंगाला भोकं पडणार होती का?

थांब्यावर भेटले की पहिली काही वर्षं ते आठवण करायचे, हसत हसत. नंतर त्यांनी विषय सोडून दिला. मी निवृत्त झालो, कापूरहोळला उतरायचं कारण उरलं नाही, आणि मीही त्यांना सोडून दिलं.

मागच्या दिवाळीत माझी पेटी कायमची बंद पडली. तेव्हा मला मिस्त्री आठवले, हे लिहितानाही लाज वाटते. व्हायोलिनची रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळून कापूरहोळला गेलो. दुकानाच्या दर्शनी भागात आता मोबाईलची कव्हरं लटकतात, तो धंदा मुलगा बघतो. त्यानंच सांगितलं, अब्बांना ऐकू येत नाही. आयुष्य भोंग्यांपुढे गेलं, मग डीजेच्या भिंतींपुढे. कानातलं मशीन लावलं की नुसता गलका होतो, म्हणून ते लावत नाहीत.

मला उलट्या पावली परतावंसं वाटलं. पण आत बसलेल्या मिस्त्रींनी टॉवेल पाहिला होता. ते मला मागच्या खोलीत घेऊन गेले. प्लेअर आणि ते सागवानी स्पीकर, सगळा सेट तसाच होता, पुसलेला. त्यांनी रेकॉर्ड कडेनं धरली, उजेडाकडे तिरपी केली आणि बोटानं दाखवलं, "हितं हळू वाजवलंय, हितं जोरात." रेघा बघून सांगत होते. मग सुई टेकवली.

तडतड कुठच्या कुठं मागे गेली. लाकडावर गज घासल्याचा आवाज, त्या मोठ्या हॉलमधली हवा, सगळं त्या लहानशा खोलीत आलं. तीस वर्षं मी हे पेटीच्या झाकणात कोंडून ठेवलं होतं. मिस्त्री सुईकडे बघत होते. सुई त्यांनी दाखवलेल्या रेघांपाशी आली तशी त्यांनी मान वर केली.

"कसं वाजतंय, गुरुजी, माज्या सेटवर?"

लई भारी, म्हणालो. त्यांनी कान पुढे केला. मी आणखी मोठ्यानं म्हणालो. तरी ते वाट बघतच राहिले. शेवटी व्हायोलिन अगदी हळू, एका सुरावर थांबलेलं असताना, मी त्यांच्या कानाशी वाकून सगळा जीव एकवटून ओरडलो. बाहेरून मुलगा काय झालं म्हणून धावत आला.