हौशीरामआबांची मुंबई

आंदर मावळातून कुणी मुंबईला निघाला की त्यानं आधी हौशीरामआबांच्या ओट्यावर जाऊन बसायचं, असा रिवाज होता. मुंबईत काय बघावं, काय खावं, काय प्यावं, हे आबा सांगत आणि जाणारा मान हलवत ऐके. आबा स्वतः कधी मुंबईला गेले नव्हते. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. जे गेले होते त्यांच्याकडून तरी काय कळणार होतं? वाडीतला सोपान गिरणीत लागून कैक वर्षं झाली होती. शिमग्याला घरी आला की लोक विचारत, मुंबई कशी आहे? तो म्हणे, लय गर्दी हाय. एवढं बोलून तो घोंगडीत शिरे आणि रजा संपेपर्यंत झोपे.

आबा त्याला उठवून त्याची परीक्षा घेत. राणीच्या बागेतली सुसर पाहिलीस का, असं विचारत. गिरणी, खोली आणि खानावळ यापलीकडे काही न पाहिलेला सोपान शरमेनं म्हणे, पाहिली. मग आबा विचारत, लहान होती ती, आता वाढली का? सोपान म्हणे, वाढली थोडी. अशी ती सुसर आंदर मावळात दरसाल वाढत राहिली.

मला या प्रकाराचा संताप येई, कारण मी खरोखर मुंबईला जात असे. वडगावात आमचं किरकोळ मालाचं दुकान. सुया, दोरे, आरसे, कंदिलाच्या काचा असा माल मी मुंबईच्या बाजारातून आणायचो आणि गाडी जुंपून आंदर मावळातल्या वाड्यावस्त्यांवर विकायचो. माझी मुंबई पायाखालची. तरी आबा चारचौघांत मला सांगत, "नसीरभाऊ, फालुदा बसून प्यायचा असतो. उभ्यानं पिला की सब्जा तळाला जातो." मी लहानपणापासून फालुदा पीत आलेला माणूस, पण लोक माझ्याकडे बघून हळहळत. बिचारा इतकी वर्षं उभ्यानं पीत होता.

गंमत अशी की आबांना हे सगळं शिकवणारा माणूस आमच्याच घरातला होता. माझे चुलते निजामचाचा लोणावळ्याला एका शेठच्या बंगल्यात खानसामा होते. पुढे आंध्रा नदीवर धरणाचं काम निघालं तेव्हा ते तिथल्या साहेबलोकांच्या तंबूत स्वयंपाकाला गेले आणि हौशीरामआबा त्यांना जळाऊ लाकूड पुरवायला लागले. चुलीपाशी बसून चाचांनी त्यांना मुंबई सांगितली. इराण्याच्या हॉटेलातला पाव चहात कसा बुडवायचा, चौपाटीची भेळ, गोळीच्या बाटलीतला सोडा, अपोलो बंदर, भरतीत न बुडणारा हाजीअलीचा दर्गा. चाचांना तिखटमीठ लावायची सवय होती. आबांनी ते तिखटमीठही तसंच जपून ठेवलं.

धरण पुरं झालं आणि पाणी चढत आलं. आबांचं भाताचं खाचर त्याखाली गेलं. उरली ती डोंगराच्या अंगाची नाचणीची जमीन. लोक आबांची थट्टा करत की खाचर देऊन तुम्ही मुंबई घेतलीत. आबाही हसत. त्यांच्या बायकोला, झुंबरमावशीला, मात्र कधी हसू आलं नाही. ती नवी नवरी होऊन आली ती त्याच खाचरात भाताच्या रोपांचं आवण लावायला. कुठल्या कोपऱ्यात चिखल खोल आहे, कुठं रोप आधी धरतं, हे तिला आबांपेक्षा जास्त कळत असे. तिनं एकदाच विचारलं होतं की आपल्या खाचरावरचं पाणी जातं कुठं? आबांना मुंबईविषयी न येणारा प्रश्न जगात नव्हता. ते म्हणाले, बोगद्यातून खाली कोकणात उतरतं आणि तिथून मुंबईला जातं. मावशीला पटलं. पाणी मुंबईला जातं म्हणजे मुंबईची माणसं ते पितात, हे तिनं मनाशी धरलं.

तेव्हापासून तिला एकच ध्यास लागला. मुंबईला जायचं आणि ते पाणी बघायचं. तिला सुसर नको होती, भेळ नको होती. दरसाल ती विषय काढी आणि दरसाल आबांना अडचण येई. कधी गाय व्यायला झालेली, कधी कुडाची डागडुजी, कधी नुसतीच कंबर. मला कारण दिसत होतं. मुंबईला गेले असते तर आबा मुंबईला जाऊन आलेले एक साधे गृहस्थ झाले असते.

पस्तीस-छत्तीस साल असावं. मी त्यांच्या वाडीवर माल घेऊन गेलो होतो. मावशी सुयांची पुडी हातात घेऊन म्हणाली, "नसीरभाऊ, पुढच्या खेपेला मला संगं न्या. हे येत्याल तर येत्याल. आपलं पानी कोन पितंय ते एकदा डोळ्यांनी बगायचंय मला."

आबा ओट्यावरच बसले होते. बायको आपल्याआधी मुंबई बघून येणार, हे ऐकून त्यांचा रंग उतरला. लगेच म्हणाले, मी नाही आलो तर तुम्हाला दाखवणार कोण? मी कपाळाला हात लावला.

वडगावला गाडीत बसलो. लोणावळ्याला गाडी बराच वेळ थांबते. मावशीनं फलाटावरच्या नळाचं पाणी तांब्यात घेतलं, एक घोट घेतला आणि म्हणाली की डोंगराचंच आहे, पण आपलं नाही. आमच्याकडच्या बायकांना हे येतं. कुठल्या झऱ्याचं पाणी, कुठल्या विहिरीचं, हे त्या घोटाबरोबर सांगतात. आजाऱ्याला अमुकच झऱ्याचं पाणी हवं असलं आणि आणणारा आळसानं जवळचं घेऊन आला, तर घरातली म्हातारी त्याला परत पाठवते. कर्जत मागे टाकल्यावर दूर डोंगरावरून खाली उतरलेले मोठे नळ दिसले. मी बोट दाखवलं. मावशी खिडकीला डोकं लावून ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली. म्हणाली, निघालं म्हणायचं. आबा शेजारच्या उतारूला मुंबईत काय खावं ते सांगत होते. उतारू गिरगावात जन्मलेला होता, पण ऐकत होता.

बोरीबंदरला उतरल्यावर आबांनी माझा हात धरला तो दिवसभर सोडला नाही. रस्ता ओलांडायचा कसा, हे निजामचाचांनी शिकवलेलं नव्हतं. मावशी मात्र पहिल्याच नळाशी गेली. घोट घेतला, थुंकली नाही, शांतपणे गिळला. "हे आपलं न्हाई," म्हणाली.

आधी आम्ही परळला सोपानच्या खोलीवर गाठोडी ठेवली. आबा जातीनं आलेले बघून सोपानच्या तोंडचं पाणी पळालं. सुसरीबद्दल काही विचारायच्या आत तो पाळी आहे म्हणून पळाला. मग राणीची बाग. सुसर पाण्यात होती आणि तिच्या नाकपुड्या तेवढ्या वर होत्या. आबा बराच वेळ वाट बघत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, वाढलीय. तिथल्या नळाचं पाणी मावशीनं चाखलं आणि मान हलवली.

इराण्याच्या हॉटेलात आबांनी चाचांच्या शिकवणीबरहुकूम पाव चहात बुडवला. तो तुटून तळाला गेला. बोटं घालून काढायला गेले आणि भाजले. मी भिंतीकडे बघत बसलो. फालुदा बसूनच मागवला आणि सब्जा तळालाच होता. तो इथल्या माणसांनी नीट केला नाही, असा निकाल आबांनी दिला. मावशीनं फडक्यात बांधून आणलेली भाकरी आणि चटणी सोडली आणि इराण्याकडे फक्त पाणी मागितलं. पेला ओठाला लावून परत ठेवला. काय बिघडलंय त्यात, असं इराण्यानं जरा रागानं विचारलं. त्यानं पेला उजेडात धरून आत काही पडलंय का ते पाहिलं.

चौपाटीच्या भेळेनं आबांच्या डोळ्यांतून अशा धारा लागल्या की समोरचा समुद्रही त्यांना दिसला नाही. तिथल्या नळाचंही पाणी मावशीचं चाखून झालं. मी चिडलो होतो. माझी मालाची खरेदी राहिली होती, पाय दुखत होते, आणि ही बाई मुंबई बघायला येऊन नळ बघत होती. शेवटी अपोलो बंदरला आलो. इतकी वर्षं ज्याचं वर्णन केलं तो समुद्र आबांच्या पुढ्यात होता आणि त्यांना एक शब्द सुचत नव्हता. माझ्या मनात वाईट विचार आला की बरं झालं.

मावशी पायऱ्या उतरून पाण्याशी गेली. बोट बुडवून जिभेला लावलं. मग तिथंच पायरीवर बसली.

"सगळं ह्याच्यात येऊन पडलंय," ती म्हणाली. "आता ह्यातनं आपलं कुटलं वळखायचं?"

आणि ती रडायला लागली. खाचर बुडालं तेव्हा तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. ती आता रडत होती, मोठ्यानं नाही, पण पदर पुरत नव्हता. माझा सगळा राग गेला. मला फार वाईट वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली, कारण खरं काय ते मला पहिल्यापासून माहीत होतं आणि मी ते आबांची फजिती बघण्याच्या नादात सांगितलं नव्हतं. मी तिच्याशेजारी बसलो आणि सांगितलं की मावशी, तुमचं पाणी इथवर येतच नाही. ते त्या नळांमधून खाली पडतं, भिवपुरीला चाकं फिरवतं आणि नदीला मिळतं. मुंबईला येतो तो त्याचा नुसता जोर. तारेतून येतो. इथं वीज म्हणतात त्याला. मुंबईचं पिण्याचं पाणी दुसऱ्याच तलावाचं आहे.

तिनं आबांकडे पाहिलं. आबा समुद्राकडे बघत म्हणाले, "मला ठावं नव्हतं." आंदर मावळातल्या कुणी आबांच्या तोंडून हे तीन शब्द तोवर ऐकले नसतील.

मावशीनं डोळे पुसले. मग तो जोर कुठं आहे ते दाखवा, म्हणाली. दिवेलागण झाली होती. रस्त्यावर एक दिवा लागला. मी म्हटलं, हा बघा. तेवढ्यात लांब काठी खांद्यावर घेतलेला माणूस पुढच्या खांबाशी गेला आणि त्यानं त्या काठीनं तिथला दिवा पेटवला. ते ग्यासचे दिवे होते. इतकी वर्षं मुंबईला येणारा मी, माझ्याही ते ध्यानात नव्हतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, पण काही बोलले नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर बोललो असतो.

मग ट्राम आली. तिची वरच्या तारेला टेकलेली दांडी मी दाखवली आणि म्हणालो, हा जोर नक्की तुमचा. तारेतून उतरतो आणि गाडी ओढतो. मावशीनं दांडीकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं, पुढे बैल नाहीत हे पुन्हा एकदा पाहिलं आणि चढली. आम्ही मागोमाग.

बाकावर बसल्यावर ती वाकली आणि तिनं ट्रामच्या तळाला हात लावून तो कपाळाला नेला. आमच्याकडे आवण लावायला उतरताना बायका खाचराला असाच हात लावतात. ट्राम सुरू झाली आणि तळ थरथरायला लागला. मावशीनं हात पुन्हा तळाला टेकवला आणि तिथंच ठेवला.

कंडक्टर आला. कोकणातला कुणी होता, दिवसभराच्या कामानं वैतागलेला. त्यानं तिकीट मागितलं.

मावशी म्हणाली, "आमच्या खाचरावर चालती ही. आमाला कशाचं तिकीट?"

त्याला काही कळलं नाही. गाडी कुणाच्याही खाचरावर चालो, तिकीट पडेल, एवढं तो म्हणाला. आजूबाजूचे लोक हसले. मी खिशात हात घालेपर्यंत आबांनी बंडीतून पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले. हसणाऱ्यांकडे वळून त्यांनी मुंबईविषयी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

कुलाब्याच्या टोकाला ट्राम थांबली. सगळे उतरले. कंडक्टरनं दांडी उलट्या बाजूला फिरवली, बाकांच्या पाठी उलटवल्या आणि आम्हाला उतरायला सांगितलं. मावशी हलली नाही. आबांनी पुन्हा तिकिटं काढली. ट्राम आल्या वाटेनं निघाली आणि थेट दादरपर्यंत गेली. वाटेत दुकानांचे दिवे, माणसं, घोडागाड्या, सगळं सरकत होतं. मावशी त्यातलं काही बघत नव्हती. तिचा हात तळावर होता.

दादरला पुन्हा सगळे उतरले. आबा हळूच म्हणाले की परळ मागं पडलं, सोपान जेवायला थांबला असेल, उतरायचं ना आता?

"अजून एक खेप," मावशी म्हणाली. "आपलं खाचर लांब व्हतं."